पैनगंगेपलीकडचा देश

मराठवाड्याच्या बोलीत गाव सोडण्याला एक शब्द नाही. तीनचार आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुष्काळात माणूस 'जगायला' जातो. कर्ज, खटला किंवा भाऊबंदकी यांपायी रातोरात नाहीसा होतो तेव्हा तो 'परागंदा' होतो. ज्याला बळजबरीने हुसकून लावले जाते तो 'देशोधडीला' लागतो. मुसलमान कुटुंबांत आणखी एक शब्द ऐकू येतो, 'हिजरत'. त्यात धर्मासाठी घरदार टाकल्याचा अर्थ आहे. आणि जो मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला किंवा जर्मनीला जातो, त्याच्यासाठी मात्र आमच्याकडे अजून नीटसा शब्दच सापडलेला नाही. त्याच्याबद्दल कोणी विचारले तर आम्ही नुसते 'बाहेर असतो' म्हणतो आणि पुढे विचारणाऱ्याला चहा देतो.

दर दिवाळीला हे 'बाहेर' असणारे लोक गावी येतात आणि फराळाच्या ताटाभोवती तोच वाद रंगतो. गेला तो सुटला, असे एक बाजू म्हणते. गेला तो पळाला, असे दुसरी बाजू म्हणते. मी शाळामास्तर आहे, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे इतिहासाचा अधिकारी म्हणून बोलण्याचा मला हक्क नाही. पण हा वाद ऐकताना मला नेहमी वाटत आले आहे की, दोन्ही बाजूंचे लोक आपल्याच अंगणात घडलेली गोष्ट विसरून बोलतात. नांदेड-लातूरच्या या पट्ट्याने १९४८ या एकाच सालात देशत्याग दोनदा पाहिला आहे. सप्टेंबरच्या आधी एक आणि सप्टेंबरनंतर दुसरा. गावे तीच, रस्ते तेच, जाणारी माणसे मात्र वेगळी. पहिल्याची गोष्ट आम्ही दर १७ सप्टेंबरला झेंड्याखाली सांगतो. दुसऱ्याची सांगत नाही.

'देश सोडणे' म्हणजे त्या काळी काय होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. हदगावच्या माणसाला देश सोडायला आगबोट लागत नव्हती. पैनगंगा ओलांडली की पुरे. अलीकडचा काठ निजामाचा. पलीकडचा उमरखेडचा काठ वऱ्हाडातला, म्हणजे इंग्रजी अमलातला. दोन्ही काठांवर भाषा एक, ज्वारी एक, सोयरीक एक. पण अलीकडे हाली शिक्का चाले आणि पलीकडे कलदार. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार हाती पडत. अलीकडे टपालाचे तिकीट निजामाचे, साल फसली आणि कचेरीतला कागद उर्दूत. मध्ये करोडगिरीचे नाके. पलीकडचे लोक आमच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत, आणि बहीण वऱ्हाडात दिली असली तर ती माहेरी येताना 'मोगलाईत चालले' असे सांगून निघे.

ही हद्द काही आदिकाळापासून आखलेली नव्हती. १८५३ पर्यंत नदीच्या दोन्ही काठी एकच राज्य होते. कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून त्या साली निजामाला तह करावा लागला, वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले आणि नदीची सरहद्द झाली. त्याच तहाने नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूखही इंग्रजांकडे गेला. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. म्हणजे तिकडच्या कुणब्याने वावरातून पाऊल बाहेर न टाकता सात वर्षांत दोन वेळा देश बदलला. पुढे १९५६ च्या प्रांतरचनेत बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके आमच्याकडे आले; भालकी आणि औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तिथल्या कित्येक घरांत आजही मामा महाराष्ट्रात आणि भाचा कर्नाटकात आहे. तेव्हा देश या शब्दाला फार पवित्र मानून चालण्यात अर्थ नाही. आमच्या भागात तो बराचसा तहाच्या कागदावर ठरलेला आहे.

शिवाय, या भूमीतून माणसे नुसती गेली असे नाही, आलीही आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि गोदावरीकाठीच त्यांचा अंत झाला. रणजितसिंहाने १८३२ ते १८३७ या काळात तेथे सचखंड गुरुद्वारा उभारला. त्या निमित्ताने आणि निजामाच्या चाकरीसाठी पंजाबातून आलेल्या लोकांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. पंजाबी माणूस नांदेडच्या बाजारात त्यांचे बोलणे ऐकून चकित होतो. लातूरची गोष्ट तर अशी की, ती पेठच मुळी बाहेरून आलेल्यांनी भरभराटीला आणली. मारवाडी आले, गुजराती आले, कच्छी मुसलमान व्यापारी आले. बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरपर्यंत पोचल्यावर कापूस आणि गळिताच्या धान्याला मुंबईचा रस्ता मोकळा झाला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांवरच्या जुन्या पेढ्यांच्या मूळ पुरुषांची गावे विचारली तर निम्मा हिंदुस्थान निघेल. हे सारे लोक आपापला देश सोडून आले होते, आणि त्यांचा प्रश्न पोटाचा होता. तो सुटला. पोटाचा प्रश्न स्थलांतराने बहुधा सुटतो, हे येथेच मान्य करून टाकू.

पण पोटापलीकडचे प्रश्न असतात, आणि निजामी राज्यात ते होते. त्यातला एक शिक्षणाचा. अख्ख्या मराठवाड्यात मॅट्रिकच्या पुढे जाण्याची सोय म्हणजे औरंगाबादचे एक इंटरमिजिएट कॉलेज. त्यापुढे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, १९१८ पासून चालू असलेले आणि उर्दू माध्यमाचे. ज्याला जमेल तो मुलगा पुण्याला, सोलापूरला किंवा नागपूरला जाई. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यातलेच. या मुलांनी देश सोडला म्हणून त्यांचे शिक्षण झाले, हे खरेच आहे. पण पुढच्या वर्षी मॅट्रिक झालेल्या मुलापुढे औरंगाबादचे ते एकच कॉलेज होते. त्याच्यासाठी काही बदलले नव्हते.

आता १९४७-४८ कडे येतो.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण कोणत्याही संघराज्यात सामील होणार नाही असे जाहीर केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टपासून लढा पुकारला. २९ नोव्हेंबरला निजाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, पण गावांमधून जैसे थे काहीच राहिले नव्हते. इत्तेहादुल मुसलमीनचे स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, हत्यारे घेऊन फिरू लागले होते. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा अलिगढला शिकलेला, लातूरचा वकील. ज्या गावात तो अशील गोळा करीत असे त्याच गावातून त्याने सबंध राज्याला वेठीला धरले. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६ मध्येच झाला होता. १९४८ च्या उन्हाळ्यात लुटालूट, जाळपोळ आणि खून यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी कत्तल झाली आणि लोकांनी आशा सोडली.

मग माणसे निघाली. नांदेडकडची पैनगंगा ओलांडून उमरखेड, पुसदला. लातूर, उस्मानाबादकडची बार्शीला, सोलापूरला. लातूरहून निघणारी ती अरुंद रुळांची गाडी ढोकी, येडशी करीत बार्शीच्या बाजूला सरके, आणि हद्द ओलांडली की डब्यातले लोक मोठ्याने बोलू लागत, असे माझी आजी सांगत असे. तिचे माहेर लातूर तालुक्यातले, घरी किराण्याचे दुकान आणि थोडी शेती. ज्येष्ठात ते निघाले. दागिने पिठाच्या डब्यात, हाली नोटा अंगरख्याच्या अस्तरात. बार्शीत ओळखीच्या आडत्याने धान्याच्या वखारीचा एक कोपरा दिला. तेथे तीन कुटुंबे पोत्यांची भिंत करून राहिली. बार्शीच्या लोकांनी त्यांना वाईट वागवले नाही. पण नळावर 'आधी आम्ही, मग मोगलाईवाले' अशी रांग लागे, आणि हाली रुपयाचा भाव दर आठवड्याला घसरे. चार महिन्यांत आजीच्या वडिलांनी दोन पाटल्या मोडल्या.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. त्या कुटुंबाबरोबर त्यांचा सालगडी गेला नव्हता. त्याला कोणी नको म्हटले नव्हते. पण बैल कोणी सांभाळायचे? शिवाय बार्शीत त्याचा आडत्या नव्हता, पाहुणा नव्हता, आणि गाडीभाडे देण्याची ऐपतही नव्हती. तो राहिला. रझाकारांनी 'मालक कुठे आहे' म्हणून त्याला दोनदा मारले. हे एका घरचे झाले, परंतु जुन्या माणसांशी बोलताना मला हेच गावोगाव ऐकू आले आहे. ज्याच्याजवळ चार पैसे आणि सरहद्दीपलीकडे एक ओळख होती तो गेला. ज्याच्याजवळ यांपैकी काही नव्हते तो राहिला, आणि ज्या भीतीपासून पहिला पळाला ती भीती दुसऱ्याच्या वाट्याला आली. देशत्यागाची चर्चा करताना आपण नेहमी जाणाऱ्याचे मन तपासतो. त्याच्या खिशात काय होते तेही पाहावे.

राहिलेल्यांत सगळेच काही नाइलाजाने राहिले होते असे नव्हे. कंधार तालुक्यात कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सोबती रझाकारांशी लढून मेले. त्यांना जाता आले असते.

आणि गेलेल्यांतही एक वेगळी जात होती: परत येण्यासाठी गेलेल्यांची. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली. तेथून तरुण रात्री हद्द ओलांडून येत, करोडगिरीचे नाके जाळीत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करीत आणि पहाटे परत जात. नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली ती लढ्याच्या खर्चासाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. या मुलांनी देश सोडला होता असे म्हणायचे की नाही? त्यांचा पत्ता पलीकडचा होता, पण त्यांच्या प्रश्नाचा पत्ता अलीकडचाच होता, आणि त्याचे त्यांना रात्रंदिवस भान होते. वखारीच्या कोपऱ्यात राहणाऱ्या आजीच्या वडिलांनी मात्र सोलापुरात दुकानाची जागा पाहून ठेवली होती. मोगलाई संपली नसती तर मी आज सोलापूरकर असतो, आणि निजामाच्या जुलमावर कदाचित अधिक त्वेषाने लिहिले असते. दुरून लिहिताना त्वेष स्वस्त पडतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा आत शिरल्या. सोलापूरच्या बाजूने आलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत राज्य संपले. बार्शीला आणि उमरखेडला गेलेली माणसे गुलाल उधळीत परतली. दसरा-दिवाळी आपापल्या गावी झाली. त्यांच्या बाबतीत देश सोडण्याचा हिशेब सोपा आहे: जीव वाचला, चार महिने हाल झाले, घर परत मिळाले. आजीच्या माहेरच्या वाड्याची दारे कोणी काढून नेली होती. सालगड्याने बैल जिवंत ठेवले होते.

आजी एवढे सांगून थांबायची. मी कॉलेजच्या वाटेला न जाता मास्तरकीच्या वाटेला लागलो तेव्हा, म्हणजे चांगला मिसरूड फुटल्यावर, एकदा तिला विचारले की, गावात गाद्या पिंजणारे एक पिंजाऱ्याचे घर होते असे तू म्हणतेस, ते आता का नाही? ती म्हणाली, "आम्ही आलो त्या आठवड्यात ते गेले." कोणी घालवले, असे विचारल्यावर ती सुपातली डाळ पाखडू लागली. पुढे काही बोलली नाही.

जे आजी बोलली नाही ते एका सरकारी अहवालात आहे. फौजी कारवाईनंतर हैदराबाद राज्यात काय घडले हे पाहण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे कारवाईच्या वेळी व नंतर राज्यभरात सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मारली गेली. मारले गेलेले बहुतांशी मुसलमान होते. सर्वांत अधिक झळ लागलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या गावाविषयी अहवालात लिहिले आहे की, तेथे हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालले. मुसलमान वस्ती सुमारे दहा हजारांची होती, समितीला गावात जेमतेम तीन हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले आणि उरलेले अंगावरच्या कपड्यांनिशी पळून गेले. त्यांत ते श्रीमंत कच्छी व्यापारीही होते. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बांधून पडला होता.

रझाकारांच्या अत्याचारांची ही प्रतिक्रिया होती, असे आमच्याकडे म्हटले जाते. प्रतिक्रिया होतीच. पण ज्याने बंदूक घेतली तो रझाकार आणि ज्याने गाद्या पिंजल्या तो पिंजारी यांतला फरक ज्यांनी ठेवला नाही, त्यांनी रझाकाराचेच गणित गिरवले असे मला वाटते. रझाकारही खादीची टोपी आणि किराण्याचे दुकान यांत फरक करीत नव्हता. त्याच अहवालात हेही नमूद आहे की, कित्येक ठिकाणी हिंदूंनी जिवाची बाजी लावून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आडोसा दिला. मागावर शेजारी बसणाऱ्याला शेजाऱ्याचा हात माहीत असतो.

ही दुसरी माणसे गेली कुठे? पुष्कळ जण हैदराबाद शहरात गेले, कारण तेथे गर्दी होती आणि गर्दीत ओळख पुसता येते. काही पुढे कराचीला गेले. तेथे हैदराबाद कॉलनी म्हणून वस्तीच उभी राहिली. काही, परिस्थिती निवळल्यावर, हळूहळू परत आले. लातूरला आणि नांदेडला आज मोठी मुसलमान वस्ती आहे. पण आजीच्या गावचे ते घर परत आले नाही.

त्यांचा प्रश्न सुटला का? जीव वाचला, हे पहिल्या मंडळींसारखेच. त्यापुढे मात्र दोन्ही वाटा वेगळ्या होतात. बार्शीला गेलेल्याच्या मनात परतीचा दिवस होता आणि तो दिवस आणण्यासाठी कोणी तरी झटत होते. हैदराबादला गेलेल्या पिंजाऱ्यासाठी सरहद्दीवर कोणी शिबिर उघडले नाही. त्याचे घर पडले, जागा कोणाच्या तरी अंगणात मिसळली आणि गावापुरता प्रश्न मिटला, म्हणजे दिसेनासा झाला. जाणाऱ्याच्या जाण्याने राहणाऱ्याची सोय होते ही गोष्ट आपण फारशी बोलून दाखवीत नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले आणि दहा लाखांच्या आसपास देश सोडून गेले. रिकाम्या झालेल्या तुकड्यांवर जमीनदारांनी मेंढरे आणि गुरे चारली. कुळांचा जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. तो मिटायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो लढविला मागे राहिलेल्या कुळांनी. अमेरिकेतून पैसे मात्र जात होते.

पुढाऱ्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पंतप्रधान मीर लायक अली नजरकैदेतून मार्च १९५० मध्ये निसटले आणि पाकिस्तानात गेले. कासिम रझवी तुरुंगात राहिला. १९५७ मध्ये सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. १९७० मध्ये तो कराचीत वारला. ज्या लातूरच्या मुसलमानांच्या नावाने त्याने गर्जना केल्या, त्यांच्यासाठी तेथून तो काहीही करू शकला नाही. त्याच्या गर्जनांचे पैसे त्यांनी आधीच फेडले होते. स्वतः निजाम कोठेही गेले नाहीत. १९५० मध्ये ते त्याच हैदराबादचे राजप्रमुख झाले आणि १९६७ मध्ये आपल्याच शहरात वारले. राजाला देश सोडावा लागला नाही. पिंजाऱ्याला सोडावा लागला.

आणि ज्या शिक्षणासाठी मुले नागपूरला जात होती, त्या प्रश्नाचे काय? तो सुटला, पण येथे. स्वामी रामानंद तीर्थ मूळचे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे; म्हणजे तेही आमच्यात बाहेरूनच आलेले. हिप्परग्याच्या शाळेत आणि अंबाजोगाईला त्यांनी मास्तरकी केली, मग लढा चालविला, आणि लढा संपल्यावर त्यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नरहर कुरुंदकर तेथेच शिकविते झाले. १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ आले, १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. पुढे 'लातूर पॅटर्न' असे नाव झाले आणि आता दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले लातूरला येतात. गल्लोगल्ली खोल्या, खानावळी, शिकवण्या. ज्या गावातून शिकायला पळावे लागे तेथे लोक शिकायला येऊ लागले. गंमत अशी की, येथे शिकलेला मुलगा येथे राहत नाही. तो 'बाहेर' जातो. प्रश्न शिक्षणाचा होता तोवर तो कॉलेज काढून सुटला. आता तो नोकरीचा झाला आहे, आणि पाण्याचाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. जुनी बार्शी लाइट ज्या वाटेने धावत असे त्याच वाटेने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, पाण्याचे डबे आले. त्या उन्हाळ्यातही ज्यांना पुण्यात भावाचे घर होते ते गेले, आणि ज्यांना नव्हते ते टँकरच्या रांगेत राहिले.

म्हणून दिवाळीत येणाऱ्या मुलांना मी 'पळालास' म्हणत नाही. पोटासाठी गेलेल्याला नावे ठेवणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. फक्त 'सुटलास' असेही मला म्हणवत नाही. तो सुटला असेल. त्याच्या बापाची विहीर सुटलेली नाही. तिच्यात बापच रोज डोकावतो. किल्लारीच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली, तेव्हा माणसे मैल-दोन मैल सरकली, पण पेरायला जुन्याच शिवारात गेली. तेथे कोणी कोणाला एकटे पाठविले नाही. सबंध गाव उठले आणि सबंध गाव बसले. अशा जाण्याला आमच्या बोलीत शब्द कोणता, तोही मला अजून सापडलेला नाही.

परवा आमच्या शाळेत जुनी दप्तरे संगणकावर चढविण्याचा हुकूम आला. निजामी अमलातले एक दाखल-खारिजचे रजिस्टर कपाटाच्या तळाशी होते, उर्दूत लिहिलेले. मला उर्दू अडखळत वाचता येते. शहरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना शेजारी बसवून आम्ही ते लावले. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. त्या सालाच्या पानांवर पहिल्यांदा नाव कमी झालेल्या मुलांची एक लांब यादी आहे: कुलकर्ण्यांची, वाण्यांची, देशमुखांची मुले. १३५८ मध्ये त्यांतली बहुतेक पुन्हा दाखल झालेली आहेत. त्याच १३५७ च्या शेवटच्या पानावर दुसरी यादी आहे. ती मुले पुन्हा दाखल झालेली नाहीत. शाळा सोडण्याचे कारण म्हणून त्या वेळच्या मास्तरांनी दोन्ही याद्यांपुढे एकाच हस्ताक्षरात एकच शब्द घातला आहे: 'तर्के सुकूनत'. राहते ठिकाण सोडले. संगणकावर काम करणाऱ्या कारकुनाने मला विचारले, "सर, कारणाच्या रकान्यात काय घालू?" मी म्हटले, जे लिहिले आहे तेच घाला.